अण्णा, स्वल्प थांबा

आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, धीर हा प्रकार देवाने दिलेलाच नाही. लिफ्टचं बटण ते लिफ्ट येईपर्यंत दाबत राहतात. कुकरची शिट्टी व्हायच्या आत स्वयंपाकघरात येऊन "झालं का?" विचारतात. माझ्या धाकट्या भावाने नोकरी लागल्यावर सुटे भाग आणून स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर जोडला, तर त्याच्याशीही त्यांचं तेच. बटण दाबायचं, पडदा काळा दिसला की "होईना रे" म्हणत परत दाबायचं. सुरू व्हायच्या बेतात आलेला कॉम्प्युटर बिचारा बंद पडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं.

भावाने समजावून पाहिलं, चिडून पाहिलं, आणि एका रविवारी दार लोटून काहीतरी खटपट करत बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी बटण दाबलं, तर एरवी आतल्या मदरबोर्डाच्या कंपनीचं लाल चिन्ह दिसायचं तिथे काळ्या पडद्यावर पिवळी अक्षरं आली. "अण्णा, स्वल्प थांबा. परत बटण दाबू नका." बटणाकडे निघालेला अण्णांचा हात हवेतच राहिला. आई कॉफी घेऊन दारात उभी होती, तिला हसता हसता ठसका लागला.

आमच्या घरची मराठी पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात मुरलेली आहे. 'जरा'च्या जागी आमच्या तोंडात 'स्वल्प' आपसूक येतं. ऑफिसातली पुण्याची मैत्रीण ऐकून हसते, हसू दे. मला खुपलं ते वेगळंच. ती ओळ पडद्याच्या मधोमध नव्हती, डावीकडे सरकलेली होती. मी तसं म्हटलं, तर भाऊ म्हणाला, "अक्का, तू टेस्टर ऑफिसात. इथे चुका काढायचा पगार मिळणार नाही." ओळ तिथेच राहिली. अण्णा मात्र त्या दिवसापासून सुधारले. बटण दाबायचं, हात पाठीमागे बांधायचे आणि शाळेतल्या मुलासारखं ताठ उभं राहायचं.

भाऊ गेला त्याला आता दोन वर्षं होतील. साध्या तापाचं निमित्त झालं. त्यावर इथे जास्त लिहिणार नाही, लिहवतही नाही.

जे. पी. नगरच्या घरातली त्याची खोली आहे तशीच आहे. खंडेनवमीला, इथल्या आयुधपूजेला, आमच्याकडे स्कूटरपासून मिक्सरपर्यंत सगळ्यांना कुंकू लागतं. त्याने शेवटच्या वर्षी कॉम्प्युटरच्या काळ्या डब्याला लावलेलं कुंकू अजून त्यावर आहे, अंगठ्याच्या रेषा दिसतील इतकं जाड. कामवालीला त्या डब्यावर फडका मारायची सक्त मनाई आहे. पण अण्णांचा खरा जीव त्या ओळीत. सकाळी एकदा आणि दुपारची झोप झाली की एकदा ते कॉम्प्युटर चालू करायचे. सकाळी पेपर वाचायचे, बँकेत पेन्शन जमा झाली का बघायचे. दुपारी काही काम नसायचं. ओळ यायची, जायची, अण्णा कॉम्प्युटर बंद करून बाहेर यायचे. आई विचारायची, "काय म्हणाला?" अण्णा सांगायचे, "थांबा म्हणाला." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तिथून उठून गेले. पुढे मलाही सवय झाली, आणि खरं सांगायचं तर त्या उत्तराची मी वाटही बघायला लागले.

मागच्या वर्षी कॉम्प्युटर कुरकुरायला लागला. विंडोजची जुनी आवृत्ती बंद होणार, नवी घ्या म्हणून सूचना यायच्या, आणि नवी घ्यायला जावं तर म्हणे तुमचा प्रोसेसर जुना आहे. मध्येच सगळं गोठायचं. नवा कॉम्प्युटर घेऊ म्हटलं असतं तर अण्णांनी मला घराबाहेर काढलं असतं. त्यांची धास्ती एकच होती. "हा एक दिवस अजिबात चालू झाला नाही तर? मग ती ओळ कुठे बघायची?"

मी म्हटलं, "अण्णा, डबा तोच, बोर्ड तोच, डिस्क तीच. फक्त आतला प्रोसेसर बदलायचा. ओळीला धक्का लागणार नाही."

"नक्की?"

"नक्की."

मी इलेक्ट्रॉनिक सिटीत राहते आणि तिथेच बँकांची ॲप तपासते. सॉफ्टवेअर माझं, लोखंड माझं नव्हे. तरी वाचून काढलं. भावाने घेतलेला बोर्ड जुना होता, पण त्यावर पुढच्या काळातला प्रोसेसर चालणार होता. अट एवढीच की आधी बोर्डाचं बायोस नवं करायचं. बायोस म्हणजे बोर्डावरच्या नखाएवढ्या चिपमध्ये लिहून ठेवलेली पहिली अक्कल. बटण दाबल्यावर विंडोजच्याही आधी तीच जागी होते आणि कोण कुठे बसलंय ते ओळखते. जुन्या बायोसला नवा प्रोसेसर ओळखताच येत नाही. म्हणून जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस बदलायचं, मग जुना काढून नवा बसवायचा. चिकपेटच्या पलीकडच्या गल्लीतल्या दुकानदारानेही नवा प्रोसेसर हातात देताना तेच बजावलं.

काळजी म्हणाल तर मी कमी घेतली नाही. भावाच्या डिस्कची नक्कल काढली, मग त्या नकलेचीही नक्कल काढली. डब्याचं झाकण काढताना कुंकवाला हात लागू नये म्हणून आईने त्यावर वाटी उपडी धरून ठेवली होती. वीज गेली तर बोर्ड कामातून जातो, म्हणून शेजाऱ्यांचा यूपीएस आणला. आमचं सगळं घर त्या कॉम्प्युटरला जपत होतं.

रविवारी सकाळी पेन ड्राइव्ह लावून मी बायोसचा पडदा उघडला. अण्णांनी अंघोळ करून धोतर नेसलं होतं, शुभकार्य असल्यासारखं. पडद्यावर दोन पर्याय होते. वरचा, सध्याचं बायोस पेन ड्राइव्हवर साठवून ठेवा. खालचा, नवं बायोस घाला. अण्णांनी चष्मा सावरून वरच्यावर बोट ठेवलं. "हे साठवायचं नाही का?"

"ते कंपनीचं आहे अण्णा. त्यात आपलं काही नाही."

"सरी," अण्णा म्हणाले. सरी म्हणजे बरं. "मग मी दाबतो." त्यांनी देवाला हात जोडले आणि एंटर दाबलं.

पट्टी हळूहळू भरत गेली. तेवढा वेळ अण्णा हात पाठीमागे बांधून उभे होते, अगदी शहाण्यासारखे. काम झाल्यावर कॉम्प्युटर आपला आपण बंद होऊन पुन्हा चालू झाला, आणि पडद्यावर मोठं लाल चिन्ह आलं. बोर्डाच्या कंपनीचं.

"त्याचं कुठे आहे?" अण्णांनी विचारलं.

"येईल. आधी हे, मग ते."

विंडोज आलं. भावाने लावलेलं डोंगराचं चित्र आलं, त्याचे फोल्डर आले, सगळं जिथल्या तिथे. ती ओळ आली नाही. मी बंद करून पुन्हा चालू केला. पुन्हा लाल चिन्ह. तिसऱ्यांदा केला तो उगाच, कारण तोवर मला कळलं होतं.

मी धरून चालले होते तशी ती ओळ डिस्कवर कधी नव्हतीच. भावाने तिचं चित्र करून ते कंपनीच्या चिन्हाच्या जागी, त्या नखाएवढ्या चिपमध्ये, बायोसच्याच पोटात घातलं होतं. आणि नवं बायोस घालायचं म्हणजे जुनं पुसूनच घालायचं असतं. आम्ही कुंकवावर वाटी धरून बसलो होतो, डिस्कच्या नकला करून बसलो होतो, आणि ज्यात आपलं काही नाही असं मी ठासून सांगितलं, नेमकं त्यातच ती होती.

मी अण्णांना सांगितलं. आडपडदा न ठेवता सांगितलं, कारण त्यांना फसवणं मला जमत नाही. ते भावाच्या खुर्चीत बसले. बराच वेळ स्वतःच्या बोटाकडे बघत होते.

"म्हणजे मी दाबलं ते..."

"आपण दाबलं, अण्णा. मीच सांगितलं दाबा म्हणून."

आई वाटी उचलून आत गेली. स्वयंपाकघरात नळ सुरू झाला आणि खूप वेळ चालूच राहिला.

"आणलायस तर बसव तो," अण्णा प्रोसेसरच्या खोक्याकडे बघून म्हणाले. मी बसवला. रडत रडत बसवला. आयुष्यात पहिल्यांदाच बसवत होते आणि तो पहिल्या झटक्यात चालला, याचाच मला राग आला.

नंतर मी काय काय केलं ते सांगण्यासारखं नाही. डिस्कचा कोपरा न्‌ कोपरा धुंडाळला, ओळीच्या त्या चित्राची फाइल मिळाली नाही. बहुतेक त्याने ते ऑफिसच्या लॅपटॉपवर केलं असावं, आणि तो लॅपटॉप तेव्हाच ऑफिसला परत गेला होता. फोनमध्ये शोधलं. आमच्याकडे त्याचे डोसा खातानाचे, झोपलेले, दात घासतानाचे फोटो आहेत. त्या ओळीचा एकही नाही. रोज समोर असणाऱ्या गोष्टीचा फोटो कोण काढतं?

शेवटी मी तशीच ओळ नव्याने केली. काळ्यावर पिवळी, तेच शब्द, आठवून आठवून डावीकडे सरकवलेली. बोर्डात घालण्याआधी अण्णांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचली.

"छान जमलंय," ते म्हणाले. "पण राहू दे पुट्टी. हे तू म्हणतेयस."

लहानपणी आजारी पडले की ते मला पुट्टी, म्हणजे छकुली, म्हणायचे. मी फाइल मिटवली आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

कॉम्प्युटर आता जोरात चालतो. विंडोज नवं आहे, बँकेचं पान चटकन उघडतं, काही गोठत नाही. अण्णा सकाळी पेपर वाचतात. दुपारचं चालू करणं त्यांनी सोडलं असेल असं मी धरून चालले होते. परवा सुट्टी होती म्हणून मी जे. पी. नगरला गेले, तर दुपारी भावाच्या खोलीतून कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर ऐकू आली. मी दारात जाऊन उभी राहिले. अण्णांनी बटण दाबलेलं होतं आणि हात पाठीमागे बांधून ते ताठ उभे होते. लाल चिन्ह आलं आणि गेलं. डोंगराचं चित्र आलं. अण्णा हलले नाहीत.

मला वाटलं, त्यांना नीट दिसलं नसावं. मी म्हटलं, "अण्णा, झाला की चालू."

"माहीत आहे गं," ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "स्वल्प थांबलोय."

आतून आईने विचारलं, "काय म्हणाला?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग नेहमीच्याच आवाजात तिला सांगितलं, "थांबा म्हणाला."