हॅम्प्टन कोर्टला ती गेली

लंडनजवळ नदीकाठी हॅम्प्टन कोर्ट नावाचा राजवाडा आहे. मी तो अजून पाहिलेला नाही. पण तिथल्या मोठ्या दालनाच्या छपरात कुठली तुळई कुठे टेकते, हे मला आजही कागद न बघता काढून दाखवता येईल. एक वर्ष मी त्या छपरात राहत होतो असं म्हटलं तरी चालेल.

मी मूळचा सुतार, सावंतवाडीकडचा. बहरीनला आलो तो सुतार म्हणूनच. वर्कशॉपमध्ये काम करता करता कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायला शिकलो आणि पुढे सनाबिसच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन झालो. आमची कंपनी बंगल्यांची आतली सजावट करते. एकदा रिफा भागातल्या एका बंगल्याचं काम आलं. मालक वयस्कर बहरीनी गृहस्थ. तरुणपणी ते शिकायला इंग्लंडमध्ये होते आणि तिथे त्यांनी हा राजवाडा पाहिला होता. आपल्या जेवणाच्या दालनाला तसंच लाकडी छप्पर हवं, असं त्यांच्या मनात चाळीसेक वर्षं होतं. मॅनेजरने अभ्यासाचं काम माझ्याकडे दिलं.

मी पुस्तकं मागवली, नकाशे शोधले. शुक्रवारी नईम भागातल्या आमच्या दोन खोल्यांत जेवणाच्या टेबलावर सगळं पसरून बसायचो. बायको ताट ठेवायला जागा मागायची तेव्हा कुठे उठायचो. त्या छपराने मला वेड लावलं होतं. एवढं रुंद दालन, पण मध्ये एक खांब नाही. दोन्ही भिंतींतून अर्ध्या अर्ध्या तुळया पुढे येतात आणि मध्येच थांबतात. त्यांच्या टोकांवरून कमानी उठतात, कमानींवर पुन्हा कमानी, आणि सगळा भार हळूहळू भिंतीत उतरतो. एका लाकडाला भोक, दुसऱ्याला जीभ, मधून लाकडाचीच खुंटी. माझे वडील गावात घरांची छपरं अशीच खुंट्या मारून उभी करायचे. त्यांना राजाचा सुतार कळला असता आणि राजाच्या सुताराला ते.

वाड्याची कथाही मला तोंडपाठ झाली. तो बांधला राजाने नव्हे, राजाच्या मंत्र्याने. मंत्री धर्मगुरू होता आणि खाटकाचा मुलगा होता म्हणतात. त्याने लाल विटांची अशी वास्तू उठवली की राजाचे स्वतःचे वाडे तिच्यापुढे फिके पडले. धुराडीसुद्धा विटांची, पीळ दिलेली, नक्षी केलेली. राजाच्या डोळ्यांत ते खुपलं. मंत्र्याने घाबरून वाडा राजाला देऊन टाकला, तरी शेवटी त्याच्यावर राजद्रोहाचा आरोप आलाच, आणि चौकशीला नेत असताना वाटेतच तो मेला. राजाने मग तिथे स्वतःचं मोठं दालन बांधलं, हेच छपराचं. त्यात आपलं आणि राणीचं आद्याक्षर गुंफून कोरून घेतलं. पुढे त्या राणीचा शिरच्छेद केला आणि तिची अक्षरं खरवडायला लावली. घाईत काही राहून गेली, ती अजून आहेत. पुढे दीडशे वर्षांनी दुसऱ्या एका राजाराणीने अर्धा वाडा पाडून तिथे उंच खिडक्यांच्या रांगांचा नवा महाल चिकटवला. फ्रान्सच्या राजाचा महाल यांच्यापेक्षा मोठा होता ना! त्या घाईत बांधकाम कोसळून मजूर मेले. मग राणीही वारली, राजाचं मन उडालं आणि उरलेला जुना अर्धा वाडा वाचला.

मला या सगळ्यात मंत्र्याची दया यायची.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक मुलगी बसायची. नागपूरची, आर्किटेक्टची डिग्री घेतलेली, वय सत्तावीस-अठ्ठावीस. आली तेव्हा तिला साइट म्हणजे काय ते माहीत नव्हतं. टेप कसा धरायचा, जुन्या ड्रॉइंगवर विश्वास का ठेवायचा नाही, कारागिराला समजेल असं माप कसं लिहायचं, हे तिला मी शिकवलं. ती मला दादा म्हणायची. माझ्या डब्यातली सोलकढी अर्धी तिची असायची. हॅम्प्टन कोर्टची सगळी कथाही मीच तिला सांगितली. ती हनुवटीला हात लावून ऐकायची आणि म्हणायची, "दादा, तुम्ही तिथे जाऊन आल्यासारखंच सांगून राहिले!"

उन्हाळ्यात मालक कुटुंबासह लंडनला निघाले. ऑफिसातलं एक माणूस चार दिवस बरोबर द्या, म्हणाले. वाड्यात उभं राहून मला काय हवं ते त्याला दाखवतो. मॅनेजर मला म्हणाला, पासपोर्टची कॉपी दे. मी दिली. घरी सांगितलं. बायको म्हणाली, "गावाक कळवू मगे? लंडनाक जातास म्हणान?" मी म्हटलं, "व्हिसा होवंदे आधी." पण दुसऱ्याच दिवशी तिने माझ्यासाठी विंडचीटर आणलं. बाहेर अंगाची लाही होत होती आणि मी आरशासमोर विंडचीटर घालून उभा होतो. आमची मुलगी हसत म्हणाली, "बाबा, यू लुक लाइक अ टूरिस्ट."

पासपोर्टची कॉपी माझ्यासारखीच त्या नागपूरच्या मुलीचीही घेतली होती, हे मला आठवड्याने कळलं. मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं. "देखो भाई," तो म्हणाला, "उसकी इंग्लिश अच्छी है, डिग्री है, क्लायंट की फॅमिली भी साथ में है. तुम समझते हो ना? नेक्स्ट टाइम इंशाल्ला." मी इथल्या अरबीत म्हटलं, "मफी मुश्किल," काही हरकत नाही. बाहेर आलो. ती टेबलाशी उभी होती, तिला आधीच कळलं होतं. "दादा, मी सांगितलं त्यांना की तुम्हालाच पाठवा," ती म्हणाली. खरंच सांगितलं असेल. मला ते तेव्हा सर्वांत जास्त लागलं. माझ्यासाठी हिने शब्द टाकावा, इतका मी खाली आलो होतो.

ती गेली. पहिल्याच दिवशी माझ्या फोनवर फोटो आले. दार, लाल विटा, पीळ दिलेली धुराडी. मग ते दालन. तिने जमिनीवर आडवं पडून फोटो काढला असावा, सगळं छप्पर एका चौकटीत आलं होतं. खाली लिहिलं होतं, "दादा, हे लोंबते लाकूड भार घेते की फक्त शोभेचे आहे?" मला उत्तर माहीत होतं. मी दिलं नाही. मग छपराच्या कडेला कोरलेल्या छोट्या रंगीत चेहऱ्यांचा फोटो आला. दरबारात कोण काय बोलतं ते राजा ऐकतोय, याची आठवण देणारे ते चेहरे. मी तिला त्यांच्याबद्दल सांगितलं होतं, पण इतके जवळून मलाच कधी दिसले नव्हते. प्रत्येक फोटो मी मोठा करकरून बघत होतो, तिला मात्र लिहिलं, "साइटवर आहे." मी पलंगावर बसलेलो होतो.

त्या चार दिवसांत मला त्या राजाचं मन कळायला लागलं. दुसऱ्याचा वाडा डोळ्यांत खुपणं म्हणजे काय ते कळलं. छातीत काहीतरी बारीक तापत राहतं आणि ते निवावं असं आपल्यालाच वाटत नाही.

परत आली ती एक वही घेऊन. त्यात तिने माझ्यासाठी सांध्यांची चित्रं काढून आणली होती, पेन्सिलने, पानंच्या पानं. "फोटोत हे दिसत नाही ना दादा, म्हणून उभी राहून काढले." मी वही चाळली, "छान" म्हटलं आणि ड्रॉवरमध्ये टाकली. मालकांनी मॅनेजरला सांगितलं की मुलगी हुशार आहे, तिला सगळं कळतं. छपराचं अंतिम ड्रॉइंग तिच्याकडे गेलं. तपासायचं काम माझ्याकडे आलं.

रिफाच्या त्या दालनात पाच लाकडी कैच्या, म्हणजे छपराचे कमानदार सांगाडे, बसायच्या होत्या, वरच्या स्लॅबच्या खाली. तिने बंगल्याची जुनी ड्रॉइंगं धरून पाचही सारख्या उंचीच्या काढल्या होत्या. पण स्वयंपाकघराच्या बाजूला स्लॅबखाली काँक्रीटचा एक बीम वीतभर खाली आला आहे, हे जुन्या ड्रॉइंगात नव्हतं. मला माहीत होतं, कारण शिडीवर चढून ते माप मी स्वतः घेतलं होतं. पाचवी कैची तिथे बसणार नव्हती. मी ड्रॉइंगकडे पाहत राहिलो. ती पलीकडे बसून फोनवर कुणाला तरी थेम्स नदीबद्दल सांगत होती. मी कोपऱ्यात "चेक्ड बाय"च्या पुढे सही केली.

पुढचे दीड महिने वर्कशॉपमध्ये ओकच्या त्या कैच्या तयार होत होत्या. मला रोज सांगता आलं असतं. रोज सकाळी वाटायचं, आज सांगू. मग ती मालकांच्या मेसेजवर हसायची आणि मी गप्प बसायचो.

बसवायच्या दिवशी आम्ही सगळे रिफाला होतो. चार कैच्या सुरेख चढल्या. पाचवी वर नेली आणि डोकं बीमला अडलं. कारागिरांनी ती पुन्हा खाली घेतली, पुन्हा उचलली. मालक मागे हात बांधून बघत होते, त्यांचा चेहरा उतरत गेला. मॅनेजर सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडला, की लंडनला काय फिरायला गेली होतीस का. ती पांढरी पडली होती. "माझी चूक आहे सर," एवढंच ती म्हणाली. त्यावर माझी सही आहे, हे तिने सांगितलं नाही. मॅनेजरनेच कागद बघितला आणि माझ्याकडे वळला. मी म्हटलं, "नजरेतून सुटलं."

परतताना गाडी मी चालवत होतो, ती शेजारी. रिफा मागे पडलं. मग समोर बघतच म्हणाली, "दादा, तुमच्या नजरेतून सुटत नाही. माझी स्पेलिंगची चूकपण तुम्ही काढता."

मी गिअर बदलला.

"तुम्हाला दिसलं होतं?"

"हो," मी म्हटलं. "पहिल्याच दिवशी."

"काऊन मग?"

मला बरीच कारणं सुचली. पण तोंडातून खरं तेच आलं. "तू गेलीस म्हणून. मला जायचं होतं."

ती म्हणाली, "गाडी थांबवा." रस्त्याकडेला एक कोल्ड स्टोअर, म्हणजे इथलं किराणा दुकान, होतं, त्याच्यासमोर मी थांबलो. ती आत गेली आणि पाण्याची बाटली घेऊन बाहेरच उन्हात उभी राहिली. काचेतून तिची पाठ दिसत होती, डोळे पुसत असावी. मी उतरायला हवं होतं, पण उतरलो नाही. परत येऊन बसली तेव्हा आवाज सरळ होता. "मला वाटलं होतं तुम्ही खूश होसाल. ती वही काढताना सगळा वेळ मला तुम्हीच आठवत होते." मग म्हणाली, "उद्या मॅनेजरला तुम्ही सांगा. मी नाही सांगणार."

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं. मॅनेजरने काही क्षण माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्याला भाषाच कळली नाही. मग वॉर्निंग लेटर आलं, आणि ड्रॉइंग तपासण्याचं काम माझ्याकडून गेलं. "तुमने बिगाडा है, तुम ही ठीक करो," तो म्हणाला आणि मला वर्कशॉपमध्ये पाठवून दिलं.

तीन आठवडे मी पुन्हा सुतार होतो. पाचवी कैची काढून टाकली आणि बाकी चार थोड्या अंतराने पुन्हा मांडल्या. शेवटी भिंतीला लागून एक अर्धी, चपटी कमान बसवली, बीमच्या खाली. ड्रॉइंग तिने दिलं. कमान मी हातांनी घडवली; बारा वर्षांत हाताला पटाशीची सवय गेली तरी हात विसरले नव्हते. ती मापं बघायला यायची. बोलायची तेवढं कामाचं. आणि दादा म्हणणं तिने सोडलं होतं. "सर, इथे दोन मिलीमीटर कमी आहे." "सर, हे उद्या पाठवा." मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मागे कुणी दुसरं उभं आहे का ते पाहिलं.

मालकांना ते छप्पर आवडलं. काम संपल्यावर त्यांनी आम्हा सगळ्यांना कॉफीला बोलावलं. दालनात उभे राहून ते पाहुण्यांना सांगत होते, की राजाने हे छप्पर कसं बांधून घेतलं. पाहुणे वर बघत होते. ती खिडकीपाशी होती, मी दारापाशी. तिने एकदा वर त्या भिंतीजवळच्या अर्ध्या कमानीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. हसली नाही. पण मान किंचित हलवली, चांगलं काम पाहून कारागिराला देतात तशी. मी ती घेतली. तेवढंच मिळणार होतं.

वर्षभराने तिला इंग्लंडमध्ये शिकायला प्रवेश मिळाला. जुन्या इमारती कशा जपायच्या, त्याचा कोर्स. ऑफिसात केक कापला. मी पुढे होऊन अभिनंदन केलं, खूप शिका म्हटलं. 'तू'वरून 'तुम्ही'वर मीही कधी आलो होतो ते मला तेव्हा जाणवलं.

"कधी आले तर सांगा सर," ती म्हणाली. "वाडा दाखवते."

"येईन की," मी म्हटलं.

घरी आलो. बायको भात वाढत होती. मी म्हटलं, "ती चल्ली. इंग्लंडाक. शिकाक."

"बरा झाला पोरीचा," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून थांबली. "मगे तुमका काय झाला?"

"काय नाय."

"जळतास?"

झालं गेलं सगळं तिला माहीत होतं. मीच सांगितलं होतं. मुलगी मोबाइलमधून डोकं वर काढून ऐकत होती. मी खोटं बोलणार होतो, पण कंटाळा आला.

"हां," मी म्हटलं. "जळतंय."

बायकोने आमटी वाढली. "जेवा," ती म्हणाली. मी जेवायला लागलो.