कोऱ्या जागेवरची रेघ

गिरीज गावातल्या आमच्या वाडीत नारळ पाडायला येणारा तो वारली माणूस दोर नेहमी स्वतःचाच आणतो. आम्ही काय त्याला कुजका दोर देणार आहोत? मला दरवेळी राग येतो.

परवा, महापालिकेत आदिवासींच्या राखीव जागा वाढवाव्यात, या मागणीच्या निवेदनावर मी त्याची सही मागितली. त्याने कागद दोनदा वाचला. मजकुराखालच्या कोऱ्या जागेवर तिरपी रेघ ओढली आणि मगच सही केली.

"अरे, तुमच्याच हक्काचं आहे! माझ्यावरही विश्वास नाही?"

"माज्या आजानं कोऱ्या कागदावर अंगठा दिलता, सर."

"कुणाला?"

माडाला दोर आवळत तो म्हणाला, "तुमच्या आजाला. तवा ही वाडी आमची होती."