बिनपाण्याचा मुक्काम

चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कराडकडे माल नेणाऱ्या गाडीवानांत महिपतचा शब्द शेवटचा असे. मालाच्या बाबतीत त्याला कोणी कुत्रं विचारत नव्हतं, पण आज बैल कुठे सोडायचे हे त्यानेच सांगायचं. दिवस कलला की तो गाडीवरून उतरायचा, इकडेतिकडे फिरायचा, चिमूटभर माती चुरडून बघायचा आणि म्हणायचा, "हितंच." मागच्या साऱ्या गाड्या तिथेच थांबायच्या. पाणी, सावली आणि चारा, एवढंच त्याचं शास्त्र होतं. एकदा रत्नागिरीहून कोणी बडा साहेब फिरतीवर आला, तेव्हा त्याचे तंबूसुद्धा महिपतने दाखवलेल्या आमराईत ठोकले गेले. ही गोष्ट सांगताना त्याचा हात आपोआप मिशीवर जाई, आणि ऐकणारा सापडला की तो ती सांगे.

पुढे मोटारलॉऱ्या आल्या. लॉरीला मुक्काम लागत नाही. ती सकाळी निघते आणि दुपारी पोचते. महिपतचे बैल म्हातारे होऊन गेले, त्याने नवे घेतले नाहीत. गुहागरजवळच्या आपल्या गावी तो ओटीवर बसून राहू लागला. ज्याला साऱ्या वाटेवरच्या विहिरी पाठ, त्याला घरातली बायको उठताबसता सांगायची, "जरा बाजूला बसा, केर काढायचाय." माणूस असा अडगळीत गेला की फार वाईट दिसतं.

अशात एक दिवस खाडीच्या तोंडावरच्या मोहल्ल्यातून सुलेमान सारंगाचं बोलावणं आलं. सुलेमानने उभी हयात आगबोटींवर काढली होती. खलाशी म्हणून गेला, खलाशांचा मुकादम म्हणजे सारंग झाला, आणि दाढी पांढरी झाल्यावर कायमचा घरी परतला. दोन वर्षांतून एकदा घरी यायचा, पावसाळा काढायचा आणि पुन्हा जायचा, असा त्याचा आणि बायकोचा, फरीदाबींचा, संसार. महिपतला वाटलं, सारंगाला कसली तरी गाडी भरायची असेल.

सारंगाच्या अंगणात बघतो तर एक लॉरी, आणि लॉरीच्या पाठीवर चक्क घर! मोहल्ल्यातल्या होड्या बांधणाऱ्या सुतारांनी ते सागवानात बांधलं होतं. त्यांना होडीशिवाय दुसरं काही येत नव्हतं, त्यामुळे घराला गोल खिडक्या होत्या, भिंती पोटाशी फुगलेल्या होत्या आणि आत झोपायला एकावर एक दोन फळ्या होत्या. मागे दार, दाराला पायऱ्या, खिडक्यांना जाळी आणि पडदे. पुढच्या अंगाला सारंगाने जहाजाचा एक खराखुरा नांगर टांगला होता. तो कशासाठी, हे कोणी विचारलं की सारंग चिडायचा.

"महिपत," सारंग म्हणाला, "मी सगली दुनया बघितली. फरीदानं काय बघितला? ही चार भिती. आता हिला घाटावर नेतो, कराड दाखवतो, पुडं कोल्लापूर. पडद्यात बसून सगला बघेल. पन मना रस्त्यावरचा काय ठाव नाय. थांबायचा कुटं ता तू सांग."

महिपतचा हात मिशीवर गेला.

"एकच सांगतो," सारंग पुढे म्हणाला. "दर्या दिसंल अशी जागा बग. दर्याकाटची पोर ती. दर्या नसला तर करमायचा नाय तिला. आनि हिनं तीन मुक्कामांत खाली पाय टाकला नाय, तर मी काय जुलूम करनार नाय. गाडी माघारी फिरवनार."

म्हणजे सगळा भार महिपतच्या जागांवर आला. जागा आवडली तर घाट, नाहीतर पुन्हा ओटी आणि बायकोच्या केरसुणीचा आवाज. बिचाऱ्याने रात्रभर विचार केला आणि सकाळी नारळांची पिशवी घेऊन हजर झाला.

नारळ कशाला, तर गाऱ्हाण्याला. वस्ती करायची त्या जागेचा धनी असतो. माणसाला तो दिसत नाही, पण त्याला सगळं दिसतं. त्याला नारळ देऊन, आपण कोण, काय घेऊन आलो, हे सांगितल्याशिवाय महिपतने जन्मात कुठे बैल सोडले नव्हते.

पहिला मुक्काम त्याने गुहागरच्या माडांत काढला. पुढे किनारा, मागे पोफळींची गार सावली, विहीर हाताशी. सारंग लॉरी चालवायचा तीही आगबोटीसारखी. वळण आलं की स्वतःलाच मोठ्याने हुकूम द्यायचा. "नांगर टाक!" तो ओरडला आणि लॉरी थांबली. महिपतने नारळ फोडला आणि हात जोडले. "बा देवा महाराजा, हितल्या जागेवाल्या, आज ही गाडी तुज्या पायाशी सोडतोय. रातीचा राकन कर. काय चुकला माकला तर पदरात घे."

मग तो अभिमानाने सारंगाला म्हणाला, "पानी हाय, सावली हाय, आनि चारा तर असा हाय की बैल हलायचे नायत."

"बैल कुटं हायत, महिपत?"

महिपतने लॉरीकडे बघितलं. मग चाऱ्याकडे बघितलं.

फरीदाबी उतरल्या नाहीत. सारंगाने माडामाडांतून चादरी बांधल्या, आडोसा केला, चहा ठेवला. गोल खिडकीचा पडदा जरा हलला आणि पुन्हा पडला. "हितं नको," एवढंच आतून आलं.

महिपतचं डोकं चालेना. मुंग्या असतील? बघायला जमलेल्या बायकांचा संकोच वाटला असेल? की जागेवाला रागावला? विचार करता करता त्याला एकदम आठवलं की आपण गाऱ्हाण्यात 'गाडी' म्हणालो. ज्यात माणसं झोपतात, चूल पेटवतात, ते तर घर! देवाला खोटं सांगितलं म्हणायचं, दुसरं काय.

दुसरा मुक्काम चिपळूणच्या वाटेवर एका उंच माळावर. वस्ती जवळ नाही, झरा आहे, आणि पश्चिमेला झाडांच्या फटीतून समुद्राची निळी पट्टी स्वच्छ दिसते. सारंग तर हरखूनच गेला. त्याने लॉरी पुढे-मागे करून दार नेमकं त्या पट्टीकडे आणलं. महिपतने नारळ फोडला. "बा महाराजा, आज ह्या घर घेऊन आलोय. चाकांवरचा हाय, पन घरच हाय. सांभाल."

सारंगाने दार उघडून हाक दिली. "फरीदा, बग तरी! दर्या कसा दिसतोय!"

दार आतून ओढून घेतलं गेलं.

आता सारंगही गोंधळला. तो दिवस मावळेपर्यंत समुद्राकडे तोंड करून बसून राहिला. मधूनच दाराकडे बघायचा, मधूनच महिपतकडे. महिपतने माती पुन्हा चुरडून बघितली, वारा पुन्हा बघितला. वारा चांगला होता. माती चांगली होती. आयुष्यभर ज्या शास्त्रावर साहेबाचे तंबूसुद्धा उभे राहिले, त्यात अक्षराची चूक सापडेना, आणि एक बाईमाणूस काही खाली उतरेना. ज्याला दुसरं काहीच येत नाही, त्याचं हे एक येणंही हातचं जाऊ लागलं की कसं होतं ते त्यालाच ठाऊक.

तिसरा आणि शेवटचा मुक्काम गोवळकोटच्या खाडीवर. सारंग म्हणाला होता, उघडा दर्या वाऱ्याचा असतो, तिला खाडी आवडेल, घरासारखी. महिपतलाही पटलं. भरतीचं पाणी काठाला लागलं होतं, गलबतं उभी होती, शिडं उतरवत होती. आणि नारळ फोडताना महिपतला वाटलं, आता कोडं सुटलं! गोल खिडक्या, फुगीर पोट, पुढे नांगर. ही ना गाडी, ना घर. त्याने खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं. "बा महाराजा, दोनदा चुकलो, आता खरा सांगतो. ही होडी हाय! होडी म्हनून हिला सांभाल!"

आतून हुंदका ऐकू आला.

सारंग नमाजाआधीच्या वजूला, हातपाय धुवायला, पाण्याकडे गेला होता. महिपत हातात नारळाची भकलं घेऊन तसाच उभा. काय करावं, ओरडून सारंगाला बोलवावं की पळून जावं, त्याला समजेना. तेवढ्यात जाळीमागून आवाज आला. एवढ्या प्रवासात त्या त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होत्या.

"महिपतभाय, तुमच्या द्येवाला सांगा, ही होडी नको म्हनून."

"नको तर नको, भाबी. चुकला माजा. पन मग काय सांगू?"

जाळीमागचा पडदा जरा सरकला.

"एक इचारू? अशी जागा नाय काय कुटं, जितून पानी दिसत नाय?"

महिपतला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. पाणी शोधण्यात ज्याचा जन्म गेला त्याला कोणी असं विचारावं! "पानी नाय अशी? भाबी, तशा जागंवर कोन रातील?"

"मी रायन," फरीदाबी म्हणाल्या.

सारंग नमाज आटपून आला तो उतरलेल्या चेहऱ्यानेच. "संपला, महिपत. उद्या माघारी."

महिपतने आजवर कोणा मालकाचा शब्द ओलांडला नव्हता. पण आज त्याच्या तोंडून निघालं, "सारंगानू, हे तीनपन मुक्काम तुमच्या मनाचे झाले. एक माज्या मनाचा करा."

"दर्या दिसतो तितून?"

"नाय."

"नदी?"

"नाय."

"झाड तरी?"

"एक हाय. वाललेला."

सारंग त्याच्याकडे बघत राहिला. म्हाताऱ्याला वाटेत ऊन लागलं की काय, असं त्याच्या मनात आलं असणार. पण समुद्रावर वाटाड्याचं ऐकायचं असतं, ही सवय त्याच्या अंगात मुरलेली होती. त्याने होकार दिला आणि पाण्याची पिंपं भरून घेतली.

घाटाच्या पायथ्याअलीकडे बोडका सडा म्हणून एक जागा आहे. नुसता काळपट कातळ, चारी बाजूंनी डोंगर, मध्ये तव्यासारखा उघडा माळ. गाडीवान तिथून बैलांना दामटत जायचे. तिथे थांबला तो खुळा, असं महिपतच नव्या पोरांना सांगत आला होता. दुपार उतरता उतरता लॉरी तिथे पोचली. समोरून दोन ओळखीचे गाडीवान येत होते. "काय रे महिपत, गाडी बिगाडली काय?" एकाने विचारलं.

"नाय," महिपत म्हणाला, "मुक्काम हाय."

ते तोंडात बोट घालून बघत राहिले आणि मग जे हसत सुटले, ते वळणाआड जाईपर्यंत हसतच होते. महिपतचे कान तापले. त्याने खाली मान घालून नारळ ठेवला. आज काय सांगायचं ते त्याला खरोखरच सुचत नव्हतं.

"बा महाराजा," तो हळूच म्हणाला, "ही काय हाय ता मना ठाव नाय. आत एक बाई हाय. तिला खाली उतरव."

आणि लॉरीकडे पाठ करून तो त्या वठलेल्या झाडाखाली जाऊन बसला.

कडी वाजली. पायरी करकरली. मग कातळावर चपलांचा आवाज आला, सावकाश, थांबत थांबत. महिपतने मागे बघितलं नाही.

"दर्या कुटल्या अंगाला राला?" फरीदाबींनी विचारलं.

"ह्या डोंगराच्या पाटी," सारंगाचा आवाज चाचरत होता. "लांब राला. पन दिसत नाय गो. तुला करमायचा नाय हितं."

"बरा हाय," असं म्हणून त्या डोंगराकडे पाठ करून खाली बसल्या. उघड्या कातळावर, चटईसुद्धा न मागता.

मग त्याच बोलल्या. "लगीन होऊन आले तवापासून खिडकीत बसतेय. शीड दिसला की उटायचा. आगबोटीचा धूर दिसला की उटायचा. हातातला काम टाकून उटायचा. तुमची नसायची ती, पन उटायचा. पानी दिसला की मना बसवत नाय."

"पन फरीदा, आता मी आलोय ना! कायमचा आलोय. हा काय, तुज्या म्होरं हाय!"

"मना कलता ता," फरीदाबी म्हणाल्या. "डोल्यांना कलत नाय."

महिपत खाली मान घालून कातळावरचं वाळलं गवत उपटत राहिला. आता त्याला समजलं, आणि समजलं तसं रडू आलं. पाणी, सावली, चारा बघताना आपण कधी गाडीतल्या माणसाला विचारलंच नव्हतं!

सारंग उठला. तो नेहमीच्या सवयीने पश्चिमेकडे तोंड करून बसला होता, हे त्याचं त्यालाच आत्ता दिसलं असावं. तो वळसा घालून आला आणि बायकोच्या शेजारी, तिच्यासारखीच त्या डोंगराकडे पाठ करून बसला. चहा त्या दिवशी फरीदाबींनीच केला. महिपतला झाडाखाली पोचवला सारंगाने.

ते कराडला गेले, कोल्हापूरही झालं. पण चिपळूणच्या गाडीवानांत महिपतचं नाव गेलं ते गेलंच. बोडक्या सड्यावर मुक्काम करणारा म्हणून पोरंसोरं त्याची थट्टा करू लागली. कोणी कारण विचारलं की तो एवढंच म्हणायचा, "जागा चांगली होती." बड्या साहेबाच्या तंबूंची गोष्टही त्याने पुढे कधी सांगितली नाही.

पण दरवर्षी भातं झोडून झाली की मोहल्ल्यातून निरोप यायचा. महिपत ओटीवरून उठायचा आणि नारळांची पिशवी शोधायला लागायचा. निरोप फरीदाबींचाच असायचा, आणि तोच असायचा: यंदा कुठे पाणी नाही, तेवढं बघून ठेवा.