मधली कल्हई

माझ्या लग्नात वडिलांनी जावयाला घड्याळ दिलं, आणि ते बघून सासूबाईंनी भर मांडवात नाक मुरडलं. ही ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट.

घड्याळ पौडच्या बाजारातल्या घड्याळवाल्या चाचांच्या दुकानातलं. त्यांचा भाऊ आखातात नोकरीला होता, त्यानं येताना आणलेलं. जाडजूड, समुद्रात बुड्या मारणाऱ्यांसाठी केलेलं, निळ्या तबकडीचं. भोवती दातेरी कडं, फिरवलं की कटकट वाजायचं. पट्टा मात्र दोन रंगांचा. कडेला पोलाद, मधल्या कड्या सोन्याच्या. उन्हात हात हलला की आधी पांढरं चमकायचं, मग पिवळं. नवऱ्याच्या आधी मी त्या घड्याळाच्या प्रेमात पडले, हे आता सांगायला हरकत नाही.

सासूबाईंनी ते पातेलं बघावं तसं फिरवून बघितलं. "मधली कल्हई गेलीय की याची," त्या म्हणाल्या. "खालचं पितळ दिसतंया. वापरल्यालं घड्याळ दिलंय जावयाला!"

सासरी, उरवड्यात, तेव्हा घरोघर पितळेची पातेली. आतली पांढरी कल्हई झिजते ती मधोमधच, आणि खालून पिवळं डोकावतं. त्यामुळे ज्या बाईनं घड्याळ बघितलं तिला सासूबाईंचंच पटलं. ते सोनं आहे, मुद्दाम तसंच करतात, हे सांगून मी दमले. ही माहेरची बाजू घेणारच, म्हणून सगळ्या हसायच्या. नवरा तर भित्री भागूबाई. घरात बाही ओढून घड्याळ झाकायचा आणि विहिरीवर गेला की मित्रांना दाखवायला हात कोपरापर्यंत बादलीत बुडवायचा.

गोष्ट वडिलांच्या कानावर गेली आणि त्यांनी माझ्याकडे येणंच बंद केलं. दिवाळीला न्यायला धाकट्या भावाला पाठवलं. संक्रांतीचं वाण तर एसटीच्या कंडक्टरबरोबर आलं. मला त्यांची फार आठवण यायची आणि सासूबाईंचा तितकाच संताप यायचा. तो मी भाकरी थापताना परातीवर काढायचे, आणि त्यांना तो बरोबर ऐकू जायचा.

फाल्गुनात गावात कल्हईवाला आला. पाराशेजारी भाता लागला, नवसागराचा धूर निघाला. नवरा अंघोळीला घड्याळ काढून ठेवायचा. समुद्राच्या तळाशी जाणारं घड्याळ, पण हा साबणाला जपायचा. त्या दिवशी तेवढ्यात सासूबाईंनी ते उचललं आणि पातेल्यांबरोबर नेऊन कल्हईवाल्यापुढं ठेवलं.

"ह्याला बी मधी लावून दे," त्या म्हणाल्या. "व्याह्यांची लाज तरी झाकंल."

मी पिठाच्या हातांनीच धावले. कल्हईवाल्यानं घड्याळ उन्हात धरलं, कडं फिरवलं, मधली कडी नखानं खरवडून बघितली.

"मावशी, तीस वर्सं कल्हई करतोय मी. ह्याला कल्हई न्हाईच. मधी सोनं हाय, कडंला पोलाद. नवंकोरं हाय. भट्टीवर धरलं तर पाप लागंल मला."

माझं कुणी ऐकलं नव्हतं. पण कल्हईतलं कल्हईवाल्यालाच कळणार, यावर अख्ख्या गावाचं एकमत झालं. संध्याकाळी सासूबाई स्वतःच लेकाची बाही दुमडून आल्यागेल्याला मनगट दाखवत होत्या.

कल्हईवाला पुढं माझ्या माहेरच्या गावी गेला आणि तिथं त्यानं हे सगळं रंगवून सांगितलं. चौथ्या दिवशी सकाळच्या एसटीनं वडील हजर! सासूबाईंनी पुरण घातलं. जेवायच्या आधी वडील मागच्या दारी हात धुवायला गेले, तिथं मी त्यांना गाठलं.

"आबा, मी सगळ्यास्नी सांगत हुते न्हवं, नवं हाय म्हणून!"

तांब्या त्यांच्या हातातच राहिला. "पोरी, चाचा बी लई सांगत हुते. पर मला बी कल्हई गेल्यालीच वाटली. लगीन चार दिसांवर, दुकानात दुसरं चांगलं घड्याळ न्हवतं. दिलं तसंच. तवापास्नं तुझ्या दारात यायला त्वांड न्हवतं मला."

वर्षभर मी ज्यांच्यासाठी सासूशी भांडले, ते मनातून सासूच्याच बाजूला होते. मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडूच आलं. मग डोळे पुसून मी आत गेले आणि सासूबाईंच्या पोळीवर तूप जरा जास्तच वाढलं.