वजनाची खुर्ची

मॅडमनी माझा युनिफॉर्म कमरेपाशी चिमटीत धरला आणि ओढून दाखवला. सगळ्या स्टाफसमोर. आठ महिन्यांपूर्वी अंगाला नीट बसणारा तो निळा ट्युनिक आता वीतभर बाहेर आला.

"लुक ॲट हर," त्या म्हणाल्या. "आय शुड चार्ज हर जिम फीज."

सगळे हसले. मीही हसले. माझं ते हसणं मला अजून डाचतं.

मग आवाज खाली आणून, फक्त मला कळेल अशा मराठीत म्हणाल्या, "आमच्यातल्यांना नसतं गं झेपलं हे. तुमच्यातल्या बायका मुळातच काटक असतात."

तुमच्यातल्या. इंग्लंडात, वॉटफर्डच्या केअर होममध्ये, सकाळच्या मीटिंगमध्ये. मला कळायचं ते कळलं. व्हिडिओ कॉलवर इंटरव्ह्यू झाला तेव्हा मॅडमनी माझं नर्सिंगचं सर्टिफिकेट धड बघितलं नव्हतं, पण लग्नाआधीचं आडनाव विचारलं होतं. दोनदा. मला वाटलं, कागदपत्रांसाठी लागत असेल. मी मूर्ख.

मॅडम पुण्याच्या. हे केअर होम त्यांचं. मी नागपूरची. तिथे सात वर्षं नर्स होते, इथे केअरर आहे. म्हाताऱ्या माणसांना उठवायचं, धुवायचं, भरवायचं. त्या कामाची मला लाज नाही. पण माझा व्हिसा मॅडमच्या स्पॉन्सरशिपवर. त्यांनी काढून टाकलं, तर मुदतीत दुसरं कुणी शोधायचं, नाहीतर परत. नागपूरला नवरा आहे, शाळेत जाणारी मुलगी आहे. त्यामुळे मॅडमना कधी धमकी द्यावी लागली नाही. मी आपली आधीच घाबरलेली.

शिफ्ट सकाळी सात ते रात्री आठ. आठवड्यातले सहा दिवस. रोटावर, म्हणजे ड्युटीच्या तक्त्यावर, एक वाजता अर्ध्या तासाचा ब्रेक छापलेला. नुसता छापलेला. डब्याचं झाकण काढलं की कुठल्या तरी खोलीतून बझर. कुणाला टॉयलेटला न्यायचं, कुणाचे कपडे ओले. दोघींचं काम एकीवर. डबा तसाच रूमवर परत यायचा, आणि तोवर खायचंही त्राण उरायचं नाही.

एकदा पँट्रीत, होममध्ये राहणाऱ्या डोरोथी आजींच्या ताटलीतला अर्धा टोस्ट मी उभ्याउभ्या तोंडात कोंबला. उष्टा. माझ्या पणजीच्या पिढीने लोकांच्या दारचं उष्टं घेणं बंद केलं, त्यासाठी मार खाल्ला. आणि मी विमानात बसून इतक्या लांब येऊन उष्टं खाल्लं. चोरून. त्या दिवशी मला स्वतःची किळस आली. आता स्वतःची येत नाही.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी रेसिडेंट्सचं, म्हणजे इथे राहणाऱ्या म्हाताऱ्यांचं, वजन करतात. चाकांची खुर्ची असते, तिलाच काटा. त्या मीटिंगनंतरच्या सोमवारी डोरोथी आजींचं वजन दोन किलो कमी भरलं. लगेच धावपळ. फॉर्म भरा, डाएटिशियनला फोन करा, दुधात जास्तीची पावडर घाला, काय खाल्लं ते लिहा. बरोबरच होतं. ब्याण्णव वर्षांच्या बाईला असं वाळू देऊ नये.

मी त्यांना उठवलं, तशा त्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "युवर टर्न, डार्लिंग."

मी बसले. सत्तेचाळीस. इथे आले तेव्हा अठ्ठावन्न होते.

दोन किलोंना डाएटिशियन. अकरा किलोंना चेष्टा. माझं डोकं तापलं. मी तोच फॉर्म आणखी एक काढला. नाव: माझं, लग्नाआधीच्या आडनावासकट. घट: अकरा किलो. कारण: जेवायला वेळ दिला जात नाही. सही केली, मोबाइलवर फोटो काढला आणि फॉर्म ऑफिसच्या ट्रेमध्ये ठेवून दिला.

दुपारी मॅडमनी बोलावलं. दार लावून घेतलं.

"हे काय आहे? हा रेसिडेंट्सचा फॉर्म आहे."

"वजन माझं आहे."

"व्हिसाचं माहितीये ना तुला?"

"माहितीये. उद्यापासून एक वाजता मी जेवायला बसणार, मॅडम. अर्धा तास. बझर वाजला तर तुम्ही जा."

"तुमच्या लोकांना जरा संधी दिली की..." त्या थांबल्या.

"बोला ना पुढे," मी म्हणाले. "तेही लिहून घेते."



दुसऱ्या दिवशी एक वाजता मी डायनिंग रूमच्या मधल्या टेबलावर डबा उघडला. भाकरी, पिठलं, कांदा. बझर वाजला. वाजत राहिला. मी उठले नाही. मग ऑफिसचं दार उघडलं आणि मॅडम स्वतः त्या खोलीकडे गेल्या. जाताना माझ्याकडे त्यांनी कसं पाहिलं, ते मी विसरणार नाही. मी भाकरी चावत होते.

त्या मला काढतील. काढू देत. फॉर्मचा फोटो आणि आठ महिन्यांचे रोटा जोडून मी कामगारांचं शोषण तपासणाऱ्या इथल्या सरकारी खात्याकडे तक्रार पाठवली आहे. स्वतःच्या नावाने. दुसरी नोकरी शोधते आहे. नाही मिळाली, तर नागपूरला परत जाईन. पण यापुढे कुठल्याही देशात, कुणाच्याही सहीखाली, मी उपाशीपोटी राबणार नाही.