मागे कोणी नाही

फिनबार क्रेमिनला उभ्या कॅरिगरो गावात कोणी फिनबार म्हणत नसे. तो शेपूट. नाताळच्या दुसऱ्या दिवशी गावातला सेवा क्लब समुद्राच्या कड्यावरून धावायची-चालायची आठ किलोमीटरची फेरी काढतो, तिच्यात सगळ्यांच्या मागून चालायचं काम एकोणीस वर्षं त्याच्याकडे होतं. गुडघे धरून चालणारी म्हातारी असो, नाहीतर आदल्या दिवशीचं जेवण अंगावर आलेला कोणी जाड्या, त्याच्या मागे फिनबार असणारच. म्हणजे शेवटचा नंबर फिनबारचा, त्या बिचाऱ्याचा नाही. एवढी साधी माणुसकी, पण ती सुचायला ब्रायडी लागली.

ब्रायडी त्याची बायको. फेरी तिनेच सुरू केली होती, अखेरच्या दुखण्यात घरी येऊन माणसाला सांभाळणाऱ्या नर्सबायांसाठी पैसे उभे करायला. बाई मोठी कडक! पहिल्याच वर्षी तिने नवऱ्याला सांगितलं, "तुला पळता येत नाही, गप्पा तेवढ्या येतात. तू मागे राहा." तो राहिला. मूलबाळ झालं नाही त्यांना; दोघंच होती, आणि त्यांचं छान चाललं होतं. चार वर्षांपूर्वी त्याच नर्सबाया ब्रायडीसाठी घरी येऊ लागल्या, आणि नाताळ उजाडायच्या आत ती गेली.

शेपटाचं एक वाक्य ठरलेलं असतं. शेवटच्या वळणावर यायचं, वॉकीटॉकी तोंडाशी धरायची आणि म्हणायचं, "माझ्या मागे कोणी नाही." ते ऐकल्याशिवाय वळणावळणावर उभे असलेले स्वयंसेवक जागचे हलत नाहीत. मग पाऊस असो की गारा.

गेल्या वर्षी घोळ झाला. एक आजोबा लघवीला म्हणून भिंतीआड गेले आणि फिनबार पुढे निघून आला. आजोबा तासाभराने सापडले, काकडलेले आणि शिव्या देत. विमावाल्यांनी पत्र पाठवलं: पुन्हा असं झालं तर विमा नाही. विमा नाही तर पोलिसांची परवानगी नाही, म्हणजे फेरीच नाही. तशीही फेरी रडतखडतच चालली होती. पूर्वी तीस माणसं उभी राहायची, आता अकरा मिळता मिळता नाकी नऊ येतात. टाळ्या वाजवायला सगळे, पावसात उभं राहायला कोण?

नवी सेक्रेटरी ऑर्ला, परगावहून लग्न होऊन आलेली. तिने सभेत सांगून टाकलं, "यंदा मागे गाडी ठेवू या."

"एक वर्ष द्या मला," फिनबार म्हणाला. "एकच."

"दे की गं," डेक्लन खाटीक म्हणाला. "नाहीतर घरी बसून मांजराच्या मागे मागे फिरेल तो."

सगळे हसले आणि शेपटाला एक वर्ष मिळालं. मग ऑर्लाने छातीवर लावायच्या नव्या नंबरांचं समजावलं: कागदामागे काळी पट्टी, सुरुवातीला एक चटई, शेवटी एक चटई; पट्टी चटईवरून गेली की कोण गेलं, कोण आलं, यंत्रच सांगणार. फिनबारने मान डोलावली. ऐकलं किती ते देव जाणे, तो टाचण्यांचा गुंता सोडवत बसला होता.

आता त्याची चोरी सांगतो. ब्रायडी गेल्यापासून दरवर्षी तो तिच्या नावाचा अर्ज भरायचा. माहेरचं आडनाव घालायचा, म्हणजे कोणी विचारायला नको. तिचा सतरा नंबर घडी करून छातीच्या खिशात ठेवायचा, आणि अर्ध्या वाटेवर दफनभूमी लागली की पटकन आत शिरून तो तिच्या कबरीवर दगडाखाली ठेवायचा. "अर्धं झालं गं," म्हणायचा आणि पुन्हा लोकांना गाठायचा.

यंदाही तसंच केलं. साडेतीनला त्याने ठरलेलं वाक्य म्हटलं, चटई ओलांडली, चहाचा कप हातात घेतला. तेवढ्यात ऑर्ला पांढऱ्याफटक चेहऱ्याने यंत्रासमोरून उठली. "दोनशे सहा गेले, दोनशे पाच आले. एक बाई राहिल्यात."

सगळे फिनबारकडे बघायला लागले.

"मी बघितलं होतं," तो म्हणाला. "भिंतीमागेसुद्धा बघितलं होतं." पण आवाजात जोर नव्हता. शहात्तर वर्षांच्या माणसाचा स्वतःवर कितीसा भरवसा असणार? पुढचं ऐकायला तो थांबलाच नाही. कप तसाच टाकून कड्याच्या वाटेने उलटा धावत सुटला. मागे ऑर्लाने बचाव पथकाला फोन लावला, होडी समुद्रात गेली, आणि घरी निघालेले स्वयंसेवक भर पावसात पुन्हा आपापल्या वळणावर गेले.

"बाई! अहो बाई!" वाऱ्यात त्याचा आवाज कुठच्या कुठे जात होता. अंधारून यायला लागलं. प्रत्येक कुंपणामागे वाकून बघत, धापा टाकत तो दफनभूमीपाशी आला, तेव्हा वॉकीटॉकी खरखरली.

"सगळ्यांनी ऐका," ऑर्ला म्हणाली. "नंबर सतरा. बी. हर्ली. वय त्र्याहत्तर. कोणी ओळखतं का?"

कोणीच ओळखलं नाही. डेक्लनसुद्धा नाही, आणि तो ब्रायडीच्याच वर्गातला.

फिनबार आत गेला. दगडाखाली कागद भिजला होता. त्याने उलटा करून बघितला, तर मागे काळी पट्टी. कागद खिशात टाकावा, खाली जाऊन हळूच चटईवरून न्यावा, बाई परस्पर घरी गेल्या म्हणावं. हिशेब जुळला असता, फेरीही वाचली असती. आलं त्याच्या मनात, नाही कशाला म्हणू? पण खाली होडीचा दिवा लाटांवर वरखाली होत होता. सणाच्या जेवणावरून उठून गेलेली पोरं होती तिच्यात.

त्याने बटण दाबलं. "ऑर्ला, होडी परत बोलाव. सतरा नंबर सापडली."

"बऱ्या आहेत ना त्या?"

"ब्रायडी आहे ती. माझी ब्रायडी. मीच आणतो तिचा नंबर दरवर्षी, इथे ठेवतो. चुकलं माझं. विमावाल्यांना माझंच नाव सांग. पुढच्या वर्षी मागे गाडी ठेव, पण फेरी बंद करू नका."

वॉकीटॉकीवर डेक्लन म्हणाला, "अरे शेपटा, मला तरी सांगायचंस की रे."

पाऊस वाढला होता. अकरा माणसं अकरा वळणांवर थांबली होती.

"फिनबार," ऑर्ला हळूच म्हणाली, "नियम आहे म्हणून विचारते. तुमच्या मागे कोणी आहे?"

हे वाक्य त्याने एकोणीस वर्षं चहाची वाट बघत म्हटलं होतं. गेली चार वर्षं तर ते खोटं आहे, मागे ब्रायडी आहे, म्हणूनच सुखाने म्हणायचा. त्याने ओला कागद घडी करून छातीच्या खिशात ठेवला, दगड जागच्या जागी लावला. दोनदा बटण दाबलं आणि दोनदा सोडलं. कोणी घाई केली नाही.

"नाही," तो म्हणाला. "माझ्या मागे कोणी नाही."

मग वळणावळणावरच्या माणसांनी पिवळी जॅकेटं काढली आणि ती घरी गेली.