गेट नंबर दोनचा बँड

कार्यक्रमपत्रिकेत सगळ्या कलाकारांची नावं होती, फोटो होते, स्टेजचे नंबर होते. आमच्या वाट्याला एवढंच: ‘स्वागताचा बँड, गेट नंबर दोन’. माझं डोकंच फिरलं.

मी आदिलाबादच्या एका संस्थेत काम करते. लग्नात डीजे आला आणि गावोगावचे बँडवाले घरी बसले. त्यांना काम मिळवून देणं ही माझी नोकरी. या वेळचं काम होतं समुद्रकाठच्या एका गावातला दोन दिवसांचा जॅझ फेस्टिव्हल. गावाचं नाव सांगत नाही, तिथून पुन्हा बोलावणं यायला हवं. भीमपूरकडच्या मारोतीकाकांची सात जणांची पार्टी घेऊन मी गेले होते. काका क्लॅरिनेट वाजवतात. सीझनभरात त्यांना दोनच लग्नं मिळाली होती. इथंही नाही जमलं तर पार्टी मोडायची, हे त्यांनी रेल्वेतच सांगून टाकलं होतं.

शनिवार मजेत गेला. सातपैकी कोणीच समुद्र पाहिला नव्हता. ढोलवाल्या नामदेवनं पाणी चाखलं, तोंड वाकडं केलं आणि मग बाकी सहा जणांनाही चाखायला लावलं. संध्याकाळी जॅझ ऐकलं. मी वाचून गेले होते: सगळे मिळून एक धून धरतात, मग एकेक जण सुटतो, मनाला येईल तसं वाजवतो आणि शेवटी सगळे परत धुनेवर येतात. काकांनी वाळूत मांडी घालून तासभर ऐकलं.

“चौकात नवरदेवाचा घोडा थांबते, तवा आमी हेच करतो,” ते म्हणाले. “यायचा घोडा कुठी हाये?”

त्यानंतर ती पत्रिका हातात आली.

मी पॅम्फ्लेटं लिहून लिहून तयार झालेली. राग आला की मला मुद्दे सुचतात. तिथंच निवेदन लिहिलं. आमच्या कामात निवेदन म्हणजे तीन गोष्टी: अन्याय काय, मागणी काय, मुदत किती. ‘कलावंताला दरवान करणाऱ्यांनो’ अशी सुरुवात केली, पत्रिकेत नाव, फोटो आणि स्टेज ही मागणी घातली आणि सगळं ऑफिसच्या मॅडमना फोनवर वाचून दाखवलं.

“काकांना विचारलंस का?” मॅडम म्हणाल्या.

“त्यांच्यासाठीच तर मागतेय.”

“मी ते नाही विचारलं.”

मला वाटलं, रेंज नाही, त्यांना नीट ऐकू आलं नाही. फोन ठेवला.

फेस्टिव्हलची मॅनेजर माझ्याच वयाची, हातात वॉकीटॉकी. “दीदी, गेट पे क्राउड अच्छा रहता है,” ती म्हणाली.

“क्राउड तो बस स्टँड पे भी रहता है,” मी म्हणाले आणि निवेदन पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. दुसऱ्या पानावर तिनं स्लॉट दिला. स्लॉट म्हणजे ठरवून दिलेली वेळ: रविवारी चार वाजता, मेन स्टेज, वीस मिनिटं.

मी धावत काकांना सांगायला गेले.

“उभं राहून?” त्यांनी विचारलं.

“मानानं.”

मोठी माणसं गप्प बसली की होकार समजायचा, असा माझा तेव्हा समज होता.

रविवारी साउंडवाल्यानं स्टेजवर टेपच्या सात फुल्या चिकटवल्या. फुलीवरून हलायचं नाही, माइक तिथंच आहे. वाजवणं सुरू झालं. नामदेवचा ढोल ओढल्यासारखा चालला होता, कारण त्याचा ताल पायातून येतो आणि पाय फुलीवर. समोरचे लोक शिस्तीत खुर्च्यांवर बसून, डोळे मिटून ऐकत होते. चौथ्या मिनिटाला काकांनी हात वर केला. बँड थांबला. सातही जण वाद्यं पुसायला लागले.

मी विंगेतून धावले. “काका, सोळा मिनिटं बाकी आहेत.”

“लोकं बसले वं माय,” काका शांतपणे म्हणाले. “लोकं बसले म्हंजे पंगत पडली. पंगतीत कोणी वाजवते काय?”

मॅनेजर वॉकीटॉकीत काहीतरी बोलत होती आणि माझ्याकडे बघत होती. पुढच्या वर्षीचं बोलावणं तर गेलंच, त्यासोबत पार्टीही गेली, हे मला कळलं. मुद्दा एकही सुचेना. तेव्हा मी विचारलं, “काका, तुम्हाला काय पाहिजे?”

“चालाले जागा.”

“मग चाला.”

ते पायऱ्या उतरले. नामदेवचे पाय जमिनीला लागले आणि ढोल जागेवर आला. खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं काका पुढे, मागे सहा जण. आधी एक पांढऱ्या केसांच्या बाई उठल्या, मग त्यांची रांग, मग सगळेच. काल जॅझ वाजवणारा सॅक्सोफोनवाला टपरीवरचा चहा टाकून काकांच्या बाजूला येऊन वाजवायला लागला. ती वाट सरळ मैदानाबाहेर जात होती. ती जिथं संपली तिथं काका थांबले. चौक आला की थांबायचं असतं.

वर पाटी होती: गेट नंबर दोन.

तिथं तासभर वाजलं. स्टेजवर पुढचा कलाकार रिकाम्या खुर्च्यांसमोर गायला. त्याची मी लेखी माफी मागितली, तिथंही तीन मुद्दे होते. जाताना सॅक्सोफोनवाल्यानं काकांचे हात हातात घेतले. काकांनी त्याला विचारलं, “तुमच्याकडं लग्नाचे मुहूर्त कोणत्या महिन्यात रायते?”

गेल्या आठवड्यात पुढच्या वर्षीचं पत्र आलं. पत्रिकेत नाव छापणार आहेत, ‘मारोती मास्तर आणि पार्टी, भीमपूर’, फोटोसकट. ती माझी मागणी बरोबर होती आणि ती मी सोडणार नव्हते. जागा मात्र गेट नंबर दोनच.

मी उलटटपाली एकच मागणी कळवली: गेटजवळ खुर्च्या ठेवू नयेत. ही मी काकांना विचारून लिहिली.